शाप-बिप काही नव्हता! बोस्टनच्या ८६ वर्षांच्या पोटदुखीची गोष्ट

(पोस्ट मोठी आहे मंडळी. चहा घेऊन बसा.)

आयपीएल सुरू झाली की आमच्या बसस्टँडसमोरच्या टपरीवर दोन पार्ट्या पडतात. एक मुंबईवाली, एक चेन्नईवाली. चेन्नईवाल्यांतल्या एकानंही चेन्नई पाहिलेली नाही. परवा मी त्यातल्या एका पोराला विचारलं, "तुझी टीम नेमकी कुठली रे?" तो म्हणाला, "दादा, मुंबईच्या समोर जी असेल ती आपली." सगळे हसले. मीपण हसलो.

पण घरी येताना ते हसू टिकलं नाही. मार्च २०२४ मध्ये आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातच काय झालं ते आठवा. टीव्हीवर मॅच चालू होती. मुंबईचा मोठा खेळाडू आऊट झाला. साठी ओलांडलेला एक गृहस्थ खुश होऊन दोन शब्द बोलला. मुंबईच्या चाहत्यांनी त्याला मारलं आणि त्या मारहाणीत त्याचा जीव गेला. मैदान शेकडो किलोमीटर लांब, खेळाडूंना या गावाचं नावसुद्धा माहीत नाही, आणि इथं एक घर उघडं पडलं.

तेव्हापासून एक विषय डोक्यात घोळतोय. समोरचा सारखा जिंकतो म्हणून होणारी जळजळ. ही येते कुठून, आणि माणसाला नेते कुठं? याचं जगातलं सगळ्यात मोठं उदाहरण क्रिकेटमध्ये नाही. ते आहे अमेरिकेत, बेसबॉलमध्ये. बोस्टनची रेड सॉक्स आणि न्यूयॉर्कची यँकीज.

या गोष्टीशी माझी ओळख जरा लाजिरवाणी आहे. ऑक्टोबर २००४. मी तेव्हा एका दैनिकाच्या जिल्हा कचेरीत नवखा उपसंपादक. डिप्लोमा करून थोडीच वर्षं झालेली, रात्रपाळी ठरलेली. वृत्तसंस्थेची बातमी आली, की बोस्टननं न्यूयॉर्कला हरवलं. मी ती कापून क्रीडा पानाच्या तळाला दोन इंचांत बसवली. कोण वाचणार इथं बेसबॉल? पुढं काही दिवसांनी बोस्टनजवळ राहणाऱ्या माझ्या आतेभावाचा फोन आला. तो म्हणाला, "अरे, इथं लोक स्मशानात जाऊन बापाच्या, आजोबाच्या थडग्यावर टीमची झेंडी ठेवतायत. सांगतायत, की बाबा, जिंकलो एकदाचे." मी गप्प झालो. जी बातमी मी दोन इंचांत उरकली, ती खरं तर तीन पिढ्यांची होती. तिचं उरलेलं आज लिहितोय म्हणा.

आधी बोस्टनच मोठं होतं

पहिली गोष्ट लक्षात घ्या. सुरुवातीला जळायचं कारण न्यूयॉर्ककडं होतं.

बोस्टनची टीम १९०१ ची. १९०३ साली पहिली वर्ल्ड सिरीज झाली, ती बोस्टननं जिंकली. त्याच वर्षी न्यूयॉर्कची टीम अमेरिकन लीगमध्ये आली. तेव्हा तिचं नाव हायलँडर्स, यँकीज हे नाव १९१३ पासून. १९०४ च्या मोसमाच्या शेवटच्या दिवशी दोघं समोरासमोर. न्यूयॉर्कचा पिचर, म्हणजे आपल्या भाषेत बोलर, जॅक चेस्ब्रो. त्यानं त्या मोसमात ४१ सामने जिंकले होते. एवढे सामने एका मोसमात पुढं कुणालाच जिंकता आले नाहीत. आणि नेमका त्याच्याच हातून शेवटच्या डावात चेंडू भलतीकडं सुटला, बोस्टनचा माणूस घरी पोचला, लीगचं जेतेपद गेलं. ४१ सामने जिंकलेला माणूस लोकांच्या लक्षात राहिला तो त्या एका चेंडूमुळं.

पुढं १९१२, १९१५, १९१६, १९१८. बोस्टन जिंकतच गेलं. १९१२ ला फेनवे पार्क हे त्यांचं मैदान उघडलं, ते आजही वापरात आहे. १९१८ पर्यंत बोस्टनच्या नावावर पाच वर्ल्ड सिरीज आणि यँकीजच्या नावावर शून्य.

त्या बोस्टनच्या टीममध्ये एक तरणा पिचर होता. बेब रूथ. १९१४ ला आलेला. डाव्या हातानं फेकायचा. वर्ल्ड सिरीजमध्ये सलग २९ पेक्षा जास्त इनिंग त्यानं एकही धाव दिली नव्हती. हळूहळू लोकांच्या लक्षात आलं, की हा गडी फेकतो त्याहून मारतो जास्त. १९१९ ला त्यानं २९ होम रन मारले. होम रन म्हणजे चेंडू थेट मैदानाबाहेर, आपला सिक्सर. तोवर एका मोसमात एवढे कुणीच मारले नव्हते.

सौदा

आणि हा माणूस बोस्टननं विकला.

मालक होता हॅरी फ्रेझी. धंदा नाटकांचा. त्यानं १९१६ च्या अखेरीस टीम घेतली ती उधारीवर, आधीच्या मालकाचे पैसे अजून द्यायचे होते. लीगच्या अध्यक्षाशी त्याचं वाकडं. त्यामुळं बहुतेक टीमा त्याच्याशी व्यवहारच करेनात, करणाऱ्यांत यँकीज होती. इकडं रूथ म्हणत होता, वर्षाला दहा हजार डॉलर नको, वीस हजार द्या. आणि एवढे होम रन मारूनही १९१९ ला टीम सहाव्या नंबरवर गेली होती.

२६ डिसेंबर १९१९ च्या तारखेचा करार. रूथची किंमत एक लाख डॉलर. शिवाय यँकीजच्या मालकाकडून, म्हणजे बिअरचा कारखानदार जेकब रुपर्टकडून, तीन लाख डॉलर कर्ज. तारण काय? फेनवे पार्क! म्हणजे बघा, हिरा तर विकलाच, वर मैदानही त्याच सावकाराकडं गहाण. आपल्याकडं कर्जापायी जमीन गेलेल्या घरांना ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको.

१९२० ला रूथनं न्यूयॉर्कसाठी ५४ होम रन मारले. १९२१ ला ५९. एकटा रूथ गेला असता तर बोस्टन सावरलंही असतं. पण मागोमाग अर्धी टीम गेली. वेट हॉइट, वॉली शँग, एव्हरेट स्कॉट, जो बुश, सॅम जोन्स, जो डुगन, हर्ब पेनॉक. बोस्टनचा मॅनेजर एड बॅरोसुद्धा जाऊन यँकीजचा कारभारी झाला. १८ एप्रिल १९२३ ला न्यूयॉर्कमध्ये नवं कोरं यँकी स्टेडियम उघडलं. पहिला सामना कुणाशी? बोस्टनशी. पहिला होम रन कुणाचा? रूथचा. त्याच वर्षी यँकीजनं पहिली वर्ल्ड सिरीज जिंकली, आणि त्या टीममधले बरेच मोहरे बोस्टनमध्ये घडलेले.

इकडं बोस्टन १९२२ ते १९३२ या अकरा वर्षांत नऊ वेळा शेवटच्या नंबरवर.

आता सांगा, जळणार नाही तर काय? शेजाऱ्याची भरभराट आपण सहन करतो हो एक वेळ. पण शेजाऱ्याच्या अंगणात आपलीच बैलजोडी बांधलेली दिसली, की जेवण जात नाही.

खापर फोडायला एक डोकं लागतं

माझ्या धंद्यातल्या लोकांची करामत इथून सुरू होते. बोस्टनला खलनायक हवा होता, तो फ्रेझीत सापडला. एक कथा रूढ झाली, की 'नो, नो, नॅनेट' नावाच्या संगीत नाटकाला पैसे हवे होते म्हणून फ्रेझीनं रूथ विकला. ऐकायला झकास. पण ते नाटक ब्रॉडवेवर आलं १९२५ ला, सौद्यानंतर पाच वर्षांनी. ते ज्या साध्या नाटकावर बेतलं होतं ते मात्र डिसेंबर १९१९ चं, म्हणून कथेला थोडा धागा आहे. पण धागा म्हणजे कापड नव्हे.

याहून वाईट गोष्ट पुढची. मोटारवाल्या हेन्री फोर्डचं 'डिअरबॉर्न इंडिपेंडंट' नावाचं साप्ताहिक होतं, ज्यूंच्या विरोधात विष ओकणारं. १९२१ साली त्यानं बेसबॉल ज्यूंनी नासवला अशी ओरड केली आणि त्यात फ्रेझीला ओढलं. गंमत अशी, की फ्रेझी ज्यू नव्हताच. पण एकदा माणूस 'आपला नाही' असं ठरवलं की त्याची जात-धर्म तपासायला कोण जातंय? हरल्याचा राग होता, त्याला बोट दाखवायला जागा मिळाली. खेळातली जळजळ अशी हळूच दुसऱ्याच विषाला वाट करून देते. हे फक्त अमेरिकेत होतं असं कुणी समजू नये.

सगळ्या देशाची पोटदुखी

यँकीजचा राग फक्त बोस्टनला येत होता असंही नाही. १९४९ ते १९५३ अशा लागोपाठ पाच वर्ल्ड सिरीज त्यांनी जिंकल्या. १९४९ ते १९६४ या सोळा वर्षांत चौदा वेळा लीगचं जेतेपद त्यांचं. न्यूयॉर्क शहरातच ब्रुकलिन भागाची डॉजर्स ही कामगारांची, मध्यमवर्गाची लाडकी टीम. ती यँकीजशी वर्ल्ड सिरीजमध्ये हरली १९४१, ४७, ४९, ५२ आणि ५३ ला. दर वर्षी ब्रुकलिनकर म्हणायचे, पुढच्या वर्षी बघू. १९५५ ला अखेर जिंकले. आणि दोन वर्षांनी मालकानं टीम उचलून थेट लॉस एंजलिसला नेली! ज्या टीमसाठी जीव जाळला ती टीम मालकाच्या एका सहीनं गेली. टपरीवरच्या पोरांनी हे वाक्य परत वाचावं.

वॉशिंग्टनच्या एका चाहत्याची कादंबरी त्याच काळातली. यँकीजना एकदा तरी हरवावं म्हणून हा गृहस्थ सैतानाला आत्मा विकतो. डग्लस वॉलॉपची ही कादंबरी १९५४ ची, पुढच्याच वर्षी तिच्यावर 'डॅम यँकीज' हे संगीत नाटक आलं आणि तुफान चाललं. मुंबईच्या समोर जी असेल ती आपली म्हणणारा आमचा तो पोरगा त्या नाटकात फिट बसला असता.

थोडक्यात हुकलेलं

पण बोस्टनचं दुखणं वेगळं होतं. ते नुसतं हरत नव्हतं, अगदी ओठाशी आलेला घास सांडत होतं.

१९४९. मोसमाचे शेवटचे दोन सामने, न्यूयॉर्कमध्ये. बोस्टन एका सामन्यानं पुढं. दोनपैकी एक जिंकला तरी पुरे. दोन्ही हरले.

१९७८. जुलैच्या मध्यावर यँकीज बोस्टनच्या चौदा सामने मागं होती. लोकांनी वर्ल्ड सिरीजच्या गप्पा सुरू केल्या. सप्टेंबरमध्ये यँकीज फेनवेवर आली, चार सामने खेळली आणि चारही जिंकली. चारांची बेरीज ४२ विरुद्ध ९. मोसम संपला तेव्हा दोघांचे ९९-९९ विजय. मग २ ऑक्टोबरला फेनवेवर एकच निर्णायक सामना. बोस्टन दोन धावांनी पुढं. सातव्या इनिंगमध्ये बकी डेंट बॅट घेऊन आला. त्या मोसमात त्याचे होम रन होते अवघे चार. त्यानं चेंडू मारला तो फेनवेच्या त्या प्रसिद्ध उंच हिरव्या भिंतीवरून पलीकडं गेला. तीन धावा. बोस्टन ५-४ नं हरलं. चेंडू टाकणारा माइक टोरेझ आदल्याच वर्षी यँकीजकडून खेळलेला. आजही न्यू इंग्लंडात डेंटच्या नाव-आडनावाच्या मधे एक शिवी घालायची पद्धत आहे.

१९८६. समोर यँकीज नाही, न्यूयॉर्कचीच दुसरी टीम, मेट्स. वर्ल्ड सिरीजचा सहावा सामना. दहाव्या इनिंगमध्ये बोस्टन दोन धावांनी पुढं, समोरचे दोन आऊट, फक्त एक चेंडू नीट पडायचा बाकी. तिथून सामना फिरला. शेवटी एक साधा सरपटी चेंडू बिल बकनरच्या दोन पायांतून निघून गेला.

बकनरचं पुढं काय झालं ते सांगायलाच पाहिजे. चेंडू त्याच्याकडं येण्याआधीच मेट्सनं बरोबरी केली होती, तीही बोस्टनच्याच एका भलतीकडं सुटलेल्या चेंडूवर. शिवाय सातवा सामना बाकी होता, तो सगळ्या टीमनं मिळून हरला. पण खापर फुटलं एकट्या बकनरवर. जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. बावीस वर्षांचा खेळ, २७०० हून जास्त हिट्स, सगळं पुसलं गेलं. तो बायकापोरांना घेऊन लांब आयडाहोला राहायला गेला. २००८ ला, बोस्टन दोन वेळा जिंकून झाल्यावर, त्याला फेनवेवर मानाचा पहिला चेंडू टाकायला बोलावलं. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते, तो डोळे पुसत होता. लोकांनी माफ केलं म्हणतात. मला विचाराल तर माफी लोकांनी मागायला हवी होती.

खरं कारण

आता मुद्द्याचं बोलू. १९९० ला बोस्टनच्याच एका क्रीडा पत्रकारानं, डॅन शॉनेसीनं, 'द कर्स ऑफ द बँबिनो' नावाचं पुस्तक लिहिलं. बँबिनो म्हणजे रूथचं टोपणनाव. रूथ विकला, म्हणून शाप लागला, म्हणून बोस्टन जिंकत नाही. तेव्हापासून हा शाप घराघरात पोचला. १९८६ च्या आधी हा शब्द कुणी फारसा वापरतही नव्हतं. शाप म्हटलं की बरं असतं. कुणाची चूक नसते. हिशोब द्यावा लागत नाही.

पण हिशोब आहे.

१९३३ ला टॉम यॉकी नावाच्या गडगंज माणसानं टीम घेतली, ती १९७६ ला तो वारेपर्यंत त्याच्याकडं होती. पैशाला तोटा नव्हता. मग हरायचे का?

१६ एप्रिल १९४५. तेव्हा मोठ्या लीगमध्ये काळ्या खेळाडूंना प्रवेशच नव्हता. वेंडेल स्मिथ नावाचा पत्रकार, 'पिट्सबर्ग कुरिअर' या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्रातला. त्यानं सारखं लिहून, पाठपुरावा करून आणि बोस्टनच्या इसाडोर मच्निक या नगरसेवकाच्या दबावाच्या मदतीनं तीन काळ्या खेळाडूंना फेनवेवर चाचणीसाठी उभं केलं. चाचणी झाली. तिघांना निरोप आलाच नाही. त्या तिघांत एक होता जॅकी रॉबिन्सन. दोन वर्षांनी, १९४७ ला, तोच ब्रुकलिनकडून खेळला आणि त्यानं अमेरिकेचा इतिहास बदलला. दुसरा, सॅम जेथ्रो, १९५० ला त्याच बोस्टन शहरातल्या दुसऱ्या टीमकडून खेळून वर्षातला सर्वोत्तम नवा खेळाडू ठरला. पुढं विली मेज नावाचं पोरगं बोस्टनच्या माणसांनी पाहिलं आणि सोडून दिलं. त्यानं ६६० होम रन मारले, दुसऱ्यांसाठी.

रेड सॉक्सनं पहिला काळा खेळाडू, पम्पसी ग्रीन, मैदानात उतरवला तो जुलै १९५९ ला. सोळा टीमांत सगळ्यात शेवटी. तोवर रॉबिन्सन खेळून निवृत्तही झाला होता. यँकीजही काही पुढारलेले नव्हते, त्यांनी पहिला काळा खेळाडू १९५५ ला घेतला. पण बोस्टन त्यांच्याही मागं.

डोळ्यांसमोर आणा. १९५० च्या दशकात बोस्टनच्या एकाच टीममध्ये टेड विल्यम्स, जॅकी रॉबिन्सन आणि विली मेज. कसली यँकीज आणि कसलं काय! हे तिघं रूथच्या भुतानं नाही अडवले. कचेरीत बसलेल्या जिवंत माणसांनी अडवले. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, इथं तर अंगणात कुणाला नाचू द्यायचं नाही हे आधीच ठरवून ठेवलेलं.

आणि मैदानाबाहेरचा चाहता इतकी वर्षं न्यूयॉर्कला शिव्या देत बसला होता. जळजळीचं हे सगळ्यात मोठं नुकसान. नजर सारखी शेजाऱ्याच्या ताटात, त्यामुळं आपल्या स्वयंपाकघरात काय करपतंय ते दिसतच नाही. फेनवेबाहेरच्या रस्त्याला यॉकीचं नाव दिलं होतं. ते २०१८ ला टीमच्या नव्या मालकांच्याच विनंतीवरून काढलं आणि जुनं जर्सी स्ट्रीट हे नाव परत आलं. उशिरा का होईना, हिशोब मांडला.

२००४

२००२ ला टीम नव्या मालकांकडं गेली. त्याच वर्षअखेर क्युबाचा एक नामी पिचर यँकीजनं पळवला तेव्हा बोस्टनचा अध्यक्ष लॅरी लुकिनो वैतागून म्हणाला, हे तर दुष्ट साम्राज्य आहे. ते नाव यँकीजला असं चिकटलं की पुढं त्यांचेच चाहते अभिमानानं मिरवायला लागले.

२००३ ला लीगच्या अंतिम फेरीत सातव्या सामन्यात बोस्टन आठव्या इनिंगपर्यंत ५-२ नं पुढं होतं. थकलेल्या पेद्रो मार्टिनेझला मॅनेजरनं वेळेत काढलं नाही. बरोबरी झाली. अकराव्या इनिंगमध्ये आरन बूनचा होम रन. परत तेच.

आणि २००४. परत तीच फेरी, परत यँकीज. पहिले तीन सामने बोस्टन हरलं, तिसरा तर १९-८ नं. सातपैकी चार जिंकायचे असतात आणि तीन हरल्यावर परत आलेली टीम मोठ्या लीगच्या इतिहासात एकही नव्हती. चौथा सामना, शेवटची इनिंग, बोस्टन एका धावेनं मागं. समोर मारियानो रिव्हेरा, शेवटच्या इनिंगचा जगातला सगळ्यात भरवशाचा पिचर. एक जण पहिल्या बेसवर पोचला. त्याच्या जागी डेव्ह रॉबर्ट्सला पळायला पाठवलं. मैदानातल्या प्रत्येकाला माहीत होतं, हा दुसरा बेस चोरणार. रिव्हेराला तर माहीतच होतं. तरी तो पळाला, आणि बोटभर फरकानं वाचला. पुढच्या फटक्यावर बरोबरी. मध्यरात्र उलटून गेल्यावर बाराव्या इनिंगमध्ये डेव्हिड ऑर्टिझचा होम रन. त्याच दिवशी संध्याकाळी पाचवा सामना, चौदा इनिंग, परत ऑर्टिझ. सहाव्यात कर्ट शिलिंग टाके घातलेल्या घोट्यानं खेळला, मोज्यावर रक्त दिसत होतं. २० ऑक्टोबरला सातवा, खुद्द यँकी स्टेडियमवर, १०-३. मी दोन इंचांत बसवली ती हीच बातमी.

२७ ऑक्टोबरला सेंट लुईसमध्ये वर्ल्ड सिरीज जिंकली, चारपैकी चार. त्या रात्री खग्रास चंद्रग्रहण होतं. ग्रहण सुटलं म्हणायला आपल्यालाही हरकत नाही!

रॉबर्ट्सनं बेस चोरला तो शाप उतरला म्हणून नव्हे. त्या टीमच्या विजयात ऑर्टिझ, पेद्रो, मॅनी रामिरेझ ही डॉमिनिकन मूळ असलेली माणसं होती, रॉबर्ट्सचे वडील कृष्णवर्णीय, आई जपानी. १९४५ ला यातल्या कितीजणांना फेनवेचं दार उघडलं असतं, याचा हिशोब ज्यानं त्यानं करावा.

जिंकल्यावर काय उरतं

त्या सातव्या सामन्याच्या रात्री फेनवेबाहेर हजारो लोक रस्त्यावर उतरले. गर्दी पांगवायला पोलिसांनी मिरपुडीच्या गोळ्या झाडल्या. एक गोळी २१ वर्षांच्या कॉलेजच्या मुलीच्या डोळ्याला लागली. ती गेली. तिनं काहीच केलं नव्हतं, जल्लोषात उभी होती. २००८ ला न्यू हॅम्पशायरमधल्या नॅशुआ इथं एका बारबाहेर यँकीज-रेड सॉक्स अशी बाचाबाची झाली आणि एका बाईनं लोकांच्या अंगावर गाडी घातली. एक तरुण मेला, बाई तुरुंगात गेली. कोल्हापूर आणि नॅशुआ. नकाशावर केवढं अंतर, आणि गोष्ट तीच.

दुसरी गंमत ही, की गरीब बिचारं बोस्टन हेही सोंगच होतं. २००४ ला यँकीजचा पगारावरचा खर्च सुमारे १८ कोटी ४० लाख डॉलर. बोस्टनचा सुमारे १२ कोटी ७० लाख, म्हणजे अख्ख्या देशात दुसऱ्या नंबरचा! पुढं २००७, २०१३, २०१८ ला बोस्टन परत जिंकलं. यँकीजच्या एकूण २७ वर्ल्ड सिरीज, पण या शतकात मोजायला गेलं तर २००९ ची एक. आता छोट्या शहरांतले चाहते बोस्टनला शिव्या देतात. सासूनं छळलेली सून पुढं सासू होते, तसलाच प्रकार.

पण एक संध्याकाळ मला फार आवडते. १५ एप्रिल २०१३ ला बोस्टन मॅरेथॉनमध्ये बॉम्बस्फोट झाले. दुसऱ्या दिवशी यँकी स्टेडियमवर तिसऱ्या इनिंगनंतर लाऊडस्पीकरवर 'स्वीट कॅरोलाइन' लागलं. हे फेनवेचं गाणं, तिथं दर सामन्याला सगळं मैदान मिळून गातं. ते यँकीजच्या चाहत्यांनी यँकीजच्या मैदानात गायलं. स्टेडियमबाहेर दोन्ही टीमांची चिन्हं शेजारी शेजारी लावली होती. दुसऱ्या दिवसापासून वैर परत चालू झालं असणार. झालंच पाहिजे, त्याशिवाय खेळाला मजा नाही. पण वैर कुठं थांबतं याची रेघ त्या संध्याकाळी स्पष्ट दिसली.

टपरीवरच्या त्या पोराला मी एवढंच म्हणालो, "बाबा, मुंबई हरावी असं वाटण्यात काही पाप नाही. चिडव, ओरड, शर्यत लाव चहाची. पण कधीतरी तुला स्वतःची टीम कुठली तेही सांगता आलं पाहिजे."

आणि हे मी त्या एकट्या पोराला म्हणत नाही. शेजारच्या तालुक्याला कारखाना मिळाला, शेजारच्या गावच्या शाळेचा निकाल भारी लागला, की आपल्या कट्ट्यावर पहिलं वाक्य काय येतं? त्यांचा वशिला आहे. त्यांनी पळवलं. आपल्या गावाला शापच आहे. असेलही वशिला, फ्रेझीनं रूथ विकला हेही खरंच होतं. पण आपल्या दारात चाचणीला येऊन निरोपाविना परत गेलेले रॉबिन्सन किती, ही यादी मी वीस-बावीस वर्षांच्या बातमीदारीत कुठल्याच सभेत मांडलेली ऐकली नाही.

तुमच्या गावातली अशी एखादी गोष्ट आठवत असेल तर खाली लिहा. मुंबई-चेन्नईवरून भांडायचं असेल तरी चालेल. हात मात्र बॅटवरच राहू द्या.